कॅड आलं, तरी मास्टर गेला नाही

‘संगणकात मापं टाका, फर्मा आपोआप तयार, मास्टरची गरज संपली.’ तयार कपड्यांच्या धंद्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. फर्मा म्हणजे कापड कापायचा साचा, आणि मास्टर म्हणजे तो आखून कापड कापणारा कारागीर. त्यात फार तर अर्धं खरं आहे.

कॅड, म्हणजे संगणकावर फर्मे आखायचं सॉफ्टवेअर, बाजी मारतं ते ग्रेडिंग (एका साइझवरून बाकीच्या काढणं) आणि मार्करमध्ये (कापड कमीत कमी वाया जाईल अशी तुकड्यांची मांडणी). 38 च्या शर्टावरून 40, 42, 44 काढायला हाताने प्रत्येक तुकडा पुन्हा आखावा लागतो. संगणक ते क्षणात करतो. पण दर साइझला मुंढा (बाही जोडायची गोलाई) किती वाढवायचा, हा नियम माणूसच भरतो. तो चुकला, तर चूकही त्याच वेगाने सगळ्या साइझमध्ये पसरते. कापड आटण्याचंही तेच. लांबीत 5 टक्के आटणार असेल तर 70 सेंटिमीटरचा तुकडा साधारण 73.7 ठेवायचा. हिशेब संगणक करेल. पण ते 5 टक्के नमुना धुऊनच कळतात.

आणि हाताचा फर्मा ओबडधोबड असतो, हेही खोटं. एकच ब्लाउज असेल तर संगणक सुरू होईपर्यंत मुरलेला मास्टर कापून मोकळा होतो! पुठ्ठ्यावर आखलेल्या या फर्म्याचं खरं दुखणं वेगळंच: वापरून कडा झिजतात, पावसाळ्यात दमट हवेने तो वाकतो.