गेल्सबर्ग (इलिनॉय)

गेल्सबर्ग हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील नॉक्स परगण्याचे मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३०,०५२. शिकागोहून रेल्वेने अंतर सुमारे २६० किमी.

गाव आणि कॉलेज एकाच बेताने वसले. न्यूयॉर्क राज्यातील धर्मोपदेशक जॉर्ज वॉशिंग्टन गेल यांच्या मंडळींनी स्वस्तात गवताळ जमीन घेतली, वस्तीला येणाऱ्यांना ती चढ्या दराने विकली आणि वरचा पैसा कॉलेजच्या निधीत घातला. १८३७ साली स्थापन झालेले नॉक्स कॉलेज ते हेच. विद्यार्थ्याने अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवावा, ही मूळ कल्पना होती. गाव पहिल्यापासून गुलामगिरीविरोधी.

कॉलेजची ‘ओल्ड मेन’ ही विटांची इमारत गावात सर्वांत आधी पाहावी. सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात जाहीर वाद झाले. त्यांतला पाचवा ७ ऑक्टोबर १८५८ रोजी हिच्या पूर्वेकडील भिंतीला लागून झाला. वारा बोचरा असल्याने मंच आडोशाला घेतला होता आणि वक्ते खिडकीतून बाहेर पडून मंचावर आले. त्या सात वादांच्या ठिकाणांपैकी त्या काळातली, आजही उभी असलेली ही एकमेव वास्तू मानली जाते. दुसरे, लोंबार्ड कॉलेज १९३० मध्ये बंद पडले. त्या जागी पुढे त्याच नावाची शाळा आली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी कार्ल सँडबर्ग कॉलेज आहे.

आंतरराज्य महामार्ग ७४ शहराच्या पूर्व कडेने जातो. मनमथ किंवा आयोवातील बर्लिंग्टनला जायचे तर ४६ क्रमांकाच्या फाट्यावरून महामार्ग ३४ धरावा. गावात यायचे तर ४८ क्रमांकाचा फाटा मेन स्ट्रीटवर आणतो. राज्य महामार्ग ११० च्या पाट्या पाहून नवखे गोंधळतात. तो इथे वेगळा रस्ता नाही. शिकागो ते कॅन्सस सिटी मार्गाचा हा क्रमांक ७४ आणि ३४ याच रस्त्यांवर लावलेला आहे.

गावाचे पोट मात्र रेल्वेवर. १८५४ मध्ये पहिला लोहमार्ग आला. आजच्या बीएनएसएफ या रेल्वे कंपनीच्या यार्डात इंजिन मालगाडीला मागून रेटत उंचवट्यावर चढवते. माथ्यावर वाघिणी सुट्या करतात आणि त्या उतारावरून आपापल्या रुळावर घरंगळत जातात. वेग आवरायला रुळांलगतचे ब्रेक चाकांना दोन्ही बाजूंनी आवळतात. वेग जास्त राहिला तर वाघीण पुढच्या वाघिणीवर आदळते, फार कमी झाला तर मध्येच थांबून मागचीची वाट अडवते. लांब गाड्यांमुळे गावातली फाटके वारंवार बंद राहत, म्हणून या शतकात काही ठिकाणी पूल बांधले गेले. मेटॅगचा फ्रिजचा कारखाना २००४ मध्ये बंद होऊन काम मेक्सिकोत गेले. तो धक्का मोठा होता.

कवी व लिंकनचरित्रकार कार्ल सँडबर्ग (१८७८–१९६७) इथलेच. वडील रेल्वेच्या लोहारखान्यात. ईस्ट थर्ड स्ट्रीटवरचे तीन खोल्यांचे जन्मघर जपलेले असून मागच्या अंगणातील शिळेखाली त्यांच्या अस्थी आहेत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात २६४ फुटी चक्र उभारणारे जॉर्ज फेरिस यांचाही जन्म इथला, १८५९ चा. नाव गावाच्या संस्थापकावरूनच ठेवलेले. त्या चक्राला ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे. आपल्या जत्रेतला पोलादी आकाशपाळणा त्याच घराण्यातला. हाताने फिरवायचा लाकडी पाळणा मात्र त्याहून जुना. चित्रकार डोरोथिया टॅनिंग यांचा जन्म १९१० मध्ये इथे झाला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रीगन लहानपणी काही काळ इथे राहत होते. पहिलीत ते सायलस विलर्ड शाळेत होते.