टाकीजवळचा काळा डबा आला कुठून?

सांगलीत २०१७ नंतर ज्यांनी नवी बाइक घेतली, त्यांच्यातल्या अनेकांनी मेस्त्रीच्या तोंडून हे ऐकलं असेल: "दादा, हा डबा काढून टाकू का? काय उपयोग नाही त्याचा." रबरी नळ्या जोडलेला तो काळा प्लॅस्टिकचा डबा म्हणजे कॅनिस्टर, टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक सरसकट लागू झालं आणि त्यासोबत तो घरोघरी आला. पेट्रोलच्या चारचाकीत तो आधीपासून होताच, पण तिथे तो सहज नजरेला पडत नाही.

त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे डोळे चुरचुरवणारा धूसर थर पसरला. आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादावर काम करत असत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनीच दाखवून दिलं, की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि तो धूसर थर याच क्रियेतून येतो. तेल उद्योगाने त्यावर बराच वाद घातला.

मग हिशेब झाला. गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण ६० टक्के सायलेन्सरमधून, २० टक्के क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पेटीतून) आणि उरलेले २० टक्के टाकी आणि कार्ब्युरेटरमधून नुसते उडून जात होते. क्रँककेसचा बंदोबस्त १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाला, १९६८ पासून अमेरिकाभर सायलेन्सरच्या धुरावर मर्यादा आली. उडून जाणाऱ्या पेट्रोलची पाळी शेवटी आली: कॅलिफोर्नियात १९७० च्या, देशभर १९७१ च्या मॉडेलपासून. उभी गाडीही हवा खराब करते, हे पटायला वेळ लागला असणार, कारण त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

जुन्या गाडीची टाकी बाहेरच्या हवेला उघडी असे. मे महिन्यात दुपारभर गाडी उन्हात राहिली की आतली वाफ फुगून बाहेर पडायची, रात्री टाकी थंड झाली की ताजी हवा आत यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाडी पळवून आणून बंद केली की इंजिनच्या धगीने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही उडायचं. कॅनिस्टरने ही वाट अडवली. त्यात सक्रिय कोळसा असतो, आणि एवढ्या बारीक छिद्रांचा, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. वाफ त्याला चिकटून राहते. इंजिन तापून गाडी चालू लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून खेचली जाते आणि वाफ सिलिंडरमध्ये जाऊन जळते. म्हणजे डबा रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. काढून टाकला तर जळायचं पेट्रोल फुकट उडतं, एवढंच.

कायदा आला तरी तपासणी कच्ची होती. सुरुवातीला फक्त माहीत असलेल्या तोंडांशी कोळशाचे सापळे लावून वाफ मोजत. अख्खी गाडी हवाबंद खोलीत ठेवून मोजल्यावर कळलं, की सांधे, नळ्या, झाकण अशा भलत्याच जागांमधूनही गळती आहे. अमेरिकेत ही बंद खोलीची चाचणी १९७८ पासून आली, एका चाचणीत वाफेची मर्यादा ६ ग्रॅम. १९८१ पासून २ ग्रॅम. १९९६ पासून तर तिथल्या गाड्या स्वतःच टाकीची गळती तपासू लागल्या. झाकण नीट बसलं नाही तरी चेक इंजिनचा दिवा लागतो, तो यामुळेच.

आपल्या भागाचा या विषयाशी संबंध उसामुळे येतो. महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली, आता मजल २० टक्क्यांवर गेली आहे. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण थोडं मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो. सर्वाधिक वाढ १० टक्क्यांच्या आतबाहेर दिसते, पुढे ती हळूहळू उतरते. शिवाय इथेनॉल रबरी नळ्यांमधून झिरपतं. त्यामुळे वाळव्याच्या किंवा कराडच्या शिवारातला ऊस टाकीत पोचतो, तेव्हा डब्याचं काम कमी होत नाही.

त्याचा खरा घात मात्र पंपावर होतो. नोझल खट्‌कन बंद पडल्यावरही "अजून बसतंय, राउंड फिगर करा" म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरली, की वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोल थेट कोळशात उतरतं. पेट्रोलने चिंब झालेला कोळसा वाफ धरू शकत नाही, पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनला पेट्रोलचा लोंढा मिळतो, आणि टाकी भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करू लागते.