एका दीर्घिकेची पाच नावे: एम ५१ च्या नोंदींची पार्श्वभूमी

श्यामशबल तारकासमूहातली व्हर्लपूल दीर्घिका कुठल्याही सूचीत शोधायला गेलं की नावांची रांगच लागते: एम ५१, एनजीसी ५१९४, यूजीसी ८४९३, पीजीसी (प्रिन्सिपल गॅलेक्सीज कॅटलॉग) ४७४०४, अर्प ८५. प्रत्येक क्रमांक वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी केलेल्या वहीतला आहे.

पहिली वही धूमकेतूवाल्याची. शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतू-शोधकाला १३ ऑक्टोबर १७७३ रोजी हा पुंजका दिसला. धूमकेतू समजून फसगत होऊ नये म्हणून तो असे ठिपके टिपून ठेवी. १७८१च्या आवृत्तीत १०३ नोंदी झाल्या. मेसिए क्रमांकावरून (एम ५१ मधला ‘एम’ मेसिएचाच) आकाशातली जागा कळत नाही, तो नुसता नोंदीचा क्रम.

एनजीसी, म्हणजे ‘न्यू जनरल कॅटलॉग’, हिची गोष्ट वेगळी. विल्यम आणि जॉन हर्शेलसह अनेकांची निरीक्षणं एकत्र करून खगोलशास्त्रज्ञ ड्रायरने १८८८ साली ७८४० नोंदींची ही सूची छापली आणि क्रम लावला विषुवांशानुसार (आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानानुसार), तोही १८६० सालच्या. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, म्हणून विषुवांश सरकत राहतात आणि आज तो क्रम ठिकठिकाणी बिघडलेला दिसतो. मूळ छापील पानावरून जागा काढायची असेल तर आणखी एक मेख आहे: तिथे क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) नाही, उत्तर ध्रुवापासूनचं अंतर दिलंय. ते ९० अंशांतून वजा करायचं आणि मग परांचनाची (अक्षाच्या त्या फेऱ्याने होणाऱ्या सरकण्याची) दुरुस्ती करायची. एम ५१ साठी ते अंतर सुमारे ४२ अंश, म्हणजे क्रांती अधिक ४८ च्या आसपास. आज ती ४७ अंशांच्या थोडी वर आहे.

चुका शिरल्या त्या मोजण्याच्या पद्धतीतून. पुंजक्याची जागा जवळच्या ओळखीच्या ताऱ्यापासूनच्या फरकाने ठरवत. तारा ओळखण्यात चूक झाली की नोंद भलतीकडे जाई, आणि पुढच्या निरीक्षकाला तोच पुंजका ‘नवा’ सापडे. एनजीसी ६ आणि एनजीसी २० या दोन नोंदी एकाच दीर्घिकेच्या आहेत. एनजीसी ३० तर दीर्घिका नाहीच, तो ताऱ्यांचा जोड आहे.

लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या ७२ इंची धातूच्या आरशातून एम ५१ चे वळसे पाहिले होते. ड्रायरच्या वर्णनात एरवी ‘अतिमंद, लहान, गोल’ अशी आद्याक्षरांची काटकसर असते. इथे मात्र तीन उद्गारचिन्हं आहेत आणि पुढे ‘भव्य सर्पिल तेजोमेघ’. तेजोमेघच. हबलने १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत सेफीड तारा (ठरावीक काळाने तेज बदलणारा, अंतर मोजायला उपयोगी तारा) शोधून अंतर काढलं, तेव्हा कुठे या वस्तू आपल्या आकाशगंगेबाहेरच्या ठरल्या.

मग वर्गीकरण आलं: हबलचं १९२६ सालचं, त्यावर खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलरची सुधारणा. एम ५१ चा वर्ग एसए(एस)बीसी पेक. ‘ए’ म्हणजे मधोमध दांडा नाही, कंसातला ‘एस’ म्हणजे भुजा कड्यातून न फुटता थेट गाभ्यापासून निघतात, ‘बीसी’ म्हणजे भुजा मध्यम सैल. ‘पेक’ हा विचित्रपणाचा शेरा. शेजारच्या एनजीसी ५१९५ च्या ओढीने आकार बिघडलाय. विचित्र दीर्घिकांच्या अर्पच्या सूचीतला अर्प ८५ हा क्रमांक तर या जोडीचा आहे, एकट्या दीर्घिकेचा नव्हे. तक्ते जुळवताना इथे हमखास घोळ होतो.

१९७३ ची यूजीसी (उप्साला जनरल कॅटलॉग) पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांवरून झाली. त्यात १२,९२१ दीर्घिका आहेत. मुख्य निकष दिसणाऱ्या व्यासाचा, एक आर्कमिनिटाहून (अंशाच्या साठाव्या भागाहून) मोठ्या दीर्घिका. शिवाय क्रांती उणे अडीच अंशांच्या उत्तरेला हवी. त्याखालच्या दीर्घिका त्यात शोधू नयेत.

आता अनुक्रमांकच परवडत नाहीत. नव्या सर्वेक्षणांत स्थानच नाव होतं. ‘२मास’ या अवरक्त सर्वेक्षणात एम ५१ चं नाव: २मासएक्स जे१३२९५२६९+४७११४२९, म्हणजे विषुवांश १३ तास २९ मिनिटं ५२.६९ सेकंद, क्रांती अधिक ४७ अंश ११ आर्कमिनिटं ४२.९ आर्कसेकंद. अशा नावात शेवटचा अंक पूर्णांकित करायचा नसतो, पुढचे अंक नुसते कापायचे असतात; नाहीतर एकाच वस्तूची दोन नावं तयार होतात. आणि केंद्र पुढे कितीही अचूक मोजलं गेलं तरी एकदा दिलेलं नाव बदलत नाही. म्हणून दुर्बीण रोखताना नावातले आकडे न वापरता सूचीतला स्थानाचा रकाना वाचावा.