पितळेच्या पुंगळीचं वय

‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य गोळीबाराच्या बातम्यांत हमखास असतं. पुंगळी म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी काडतुसाची पितळी नळी. त्यामुळे गोळी सुटली की पुंगळीचं काम संपलं, अशी आपली समजूत होते. अमेरिकेतले हौशी नेमबाज मात्र मैदानावर वाकून आपापल्या पुंगळ्या वेचतात आणि घरी नेऊन त्या पुन्हा भरतात. काडतुसात बहुधा सगळ्यात महाग पडते ती पुंगळीच. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. घरी करून पाहायची ही गोष्ट नव्हे.)

यातले काटेकोर लोक पुंगळ्यांची चक्क वही ठेवतात. एकत्र विकत घेतलेल्या पुंगळ्या एकाच डब्यात राहतात. डब्यावर चिठ्ठी असते: किती वेळा झाडल्या, तोंड कधी कापून लांबी सारखी केली, कधी तापवल्या. दुसऱ्याच्या पुंगळ्या मिसळू नयेत म्हणून काहीजण बुडावर मार्करने रंगाची खूण करतात. बुडावर ठोकलेल्या अक्षरांवरून पुंगळी कोणी बनवली ते कळतं, पण ती किती वेळा वापरली हे तिथे लिहिलेलं नसतं. घासून चकचकीत केलेली जुनी पुंगळी अगदी नव्यासारखी दिसते, आणि धोका तिथेच आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ‘.३०८ विंचेस्टर’ या काडतुसात दाब जास्तीत जास्त सुमारे ४,२०० वातावरणांपर्यंत, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या तेवढ्या पट, जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती जराशी आक्रसते आणि बाहेर काढता येते. पुन्हा भरण्याआधी साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणतात. म्हणजे दर फेरीत तिची मान, म्हणजे गोळी पकडणारा तोंडाजवळचा भाग, एकदा ताणली जाते आणि एकदा आवळली जाते.

धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकदम सरकत नाहीत. थरांमधली एक सदोष रेघ पुढे सरकत जाते. हिला डिसलोकेशन म्हणतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. शुद्ध तांब्यात अशी रेघ अडली तर ती बऱ्यापैकी सहज दुसऱ्या थरात वळते. जस्त मिसळलं की रेघेची दोन अर्धुकं होऊन एकमेकांपासून लांब जातात, आणि मधल्या पट्टीत थरांचा क्रम चुकलेला असतो. थर बदलायचा तर दोघांना आधी एकत्र यावं लागतं, आणि ते अवघड. म्हणून रेघा आपापल्या थरात अडकतात, मागून येणाऱ्या त्यांच्यावर साचतात आणि पितळ झपाट्याने कडक होतं. या गुणामुळेच ते न फाटता खोल ओढता येतं, आणि वारंवार वापरलं की ठिसूळ होतं तेही यामुळेच. कडक झालेली मान गोळीला सारखी पकड देत नाही. शेवटी तिला उभी चीर जाते.

पितळेच्या भांड्यांत ‘सकारात्मक ऊर्जा’ साठते असे संदेश फिरत असतात. ठोकलेल्या धातूत ऊर्जा खरोखर साठते, पण ती साचलेल्या रेघांच्या गुंत्यात अडकलेली आणि मोजता येणारी असते. केलेल्या कामाचा बराचसा भाग उष्णता होऊन निघून जातो, थोडाच आत उरतो. घराच्या भरभराटीशी तिचा काहीही संबंध नाही.

गुंता सोडवायचा उपाय पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: ठोकून कडक झालेलं तांबं भट्टीत तापवलं की पुन्हा नरम होतं. पुंगळीची मानही तशीच तापवतात, पण फक्त मान. बूड कडकच राहायला हवं, नाहीतर ते दाबाखाली दगा देईल. लोखंडाच्या सवयीने अनेकांना वाटतं की तापलेली पुंगळी पाण्यात टाकली तर कडक होईल. पितळेत तसं होत नाही.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण यांचा तो परिणाम होता. १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचं कारण उलगडलं. ताण घालवण्याचा उपाय तोच, तापवणं. आणि अमोनियाने पितळ तडकतं म्हणूनच पुंगळ्यांना अमोनिया असलेलं पॉलिश लावू नये.

आता माझा मुद्दा. पुंगळी तापवली की वहीत पुन्हा शून्यापासून मोजणारे लोक आहेत, आणि ते चुकतात. तापवल्याने मानेचा कडकपणा जातो, पण झिजलेली जाडी परत येत नाही. दर वेळी पुंगळी लांबीत थोडी ताणली जाते, आणि त्यासाठीचं पितळ मुख्यतः बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून येतं. तिथे आतून गोल खोबण पडत जाते. खोबण फार खोल झाली की पुंगळीचे झाडतानाच दोन तुकडे होतात. म्हणून झाडण्याचा आकडा आणि तापवण्याचा आकडा वेगवेगळ्या रकान्यांत हवेत, आणि पहिला कधीही पुसायचा नाही.

आकड्यासोबत तपासणीही लागते. टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढतात. खोबण असेल तर टोक तिथे अडतं. ती पुंगळी चेपून भंगारात टाकतात आणि त्याच डब्यातल्या बाकीच्या सगळ्या एकेक करून तारेने तपासतात, कारण त्यांनीही तेवढेच वार सोसलेले असतात.