गांजा रक्तात सापडणे आणि गांजाचा अंमल असणे

आम्ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राहतो. येथे 2012 च्या मतदानाने 21 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तींसाठी गांजा कायदेशीर झाला आणि 2014 पासून तो दुकानांत उघडपणे मिळू लागला. तेव्हापासून मराठी मंडळींच्या गप्पांत मुलांच्या वाहन परवान्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: "दारूला जसा 0.08 चा आकडा, तसा गांजाला 5 नॅनोग्रॅमचा." म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा 0.08 टक्के आणि गांजातील नशेच्या घटकाची दर मिलिलिटर रक्तात 5 नॅनोग्रॅम. कायद्याच्या पुस्तकात हे दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत हे खरे, पण ते एकाच गोष्टीचे माप आहेत, ही समजूत साफ चुकीची आहे, आणि तीच आपण मुलांच्या हाती देतो याचे मला वाईट वाटते.

दारूचे गणित आपल्याला ठाऊक आहे. ती शरीरातल्या पाण्यात मिसळते, रक्तातील, श्वासातील आणि मेंदूतील तिचे प्रमाण साधारण बरोबरीने चढते-उतरते, आणि शरीर ती तासाला सुमारे 0.015 टक्के या गतीने निकालात काढते. म्हणूनच तेथे आकड्यावरून अंमलाचा अंदाज बांधता येतो.

गांजातील नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, पाण्यात नव्हे तर चरबीत विरघळतो, आणि सगळा फरक येथून सुरू होतो. धूर ओढल्यावर काही मिनिटांतच रक्तातील टीएचसी शिखर गाठतो आणि जवळजवळ तितक्याच वेगाने कोसळतो, कारण तो रक्त सोडून मेंदूत आणि चरबीत शिरतो. रक्तातला आकडा खाली येत असतानाही नशा टिकून असते. क्वचित ओढणाऱ्या मुलाला पोलिसांनी अडवले, रक्त घेण्यासाठी न्यायाधीशाचे वॉरंट मिळवण्यात तास-दीड तास गेला, तर आकडा 5 च्या खाली आलेला असू शकतो आणि अंमल मात्र कायम असू शकतो. उलट, रोज ओढणाऱ्याच्या चरबीतून टीएचसी हळूहळू झिरपत राहतो, त्यामुळे गांजा सोडून कित्येक दिवस झाले आणि डोके पूर्ण ताळ्यावर असले, तरी त्याच्या रक्तात अंश सापडू शकतो. गांजासाठी ठरावीक आकड्याच्या मर्यादेला शास्त्रीय आधार नाही, असे एएए या वाहनचालक संघटनेच्या सुरक्षा प्रतिष्ठानाने 2016 मध्येच सांगितले होते.

लघवीच्या तपासणीचा तर गाडी चालवण्याशी काहीच संबंध नाही. तीत सापडतो तो टीएचसीचा निष्क्रिय अवशेष, आणि तो आठवडे टिकू शकतो. औषधांच्या दुकानातून लघवी तपासण्याचा संच आणून, "काल तू नशेत गाडी चालवलीस," असे मुलाला सुनावणाऱ्या पालकांना मी कळकळीने सांगेन की त्या पट्टीवर असे काहीही लिहिलेले नसते. मुलाला हे ठाऊक असते, आणि मग आपले पुढचे खरे बोलणेही त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. परवान्यासाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली 50 तास सराव करावा लागतो, त्यांपैकी 10 रात्रीचे. अशाच एका रात्री, सिग्नलपाशी थांबलेलो असताना, तिने विचारले, "बाबा, पाच नॅनोग्रॅम म्हणजे किती झुरके?" या प्रश्नाला झुरक्यांत उत्तर नाही, हेच मी तिला सांगितले, शिवाय 21 वर्षांखालील चालकासाठी येथे मर्यादा 5 नसून शून्य आहे, हेही सांगितले. पण शून्याचा नियम परवाना कशाने जाईल ते सांगतो. माणूस कशाने मरेल ते वेगळे समजावावे लागते.

"गांजा ओढलेला माणूस उलट सावकाश चालवतो," असे तिच्या वर्गातली मुले म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे आणि ते नाकारू नये. दारू प्यायलेला बेफिकीर होतो, तर गांजा ओढलेला बरेचदा वेग कमी ठेवतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. मात्र त्याची गाडी मार्गिकेत डावी-उजवीकडे सरकत राहते, प्रतिक्रियेला उशीर होतो आणि एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणे त्याला जमत नाही. मी तिला समोरचेच वळण दाखवले: लाल दिव्यावर उजवीकडे वळताना डावीकडून येणारी वाहने पाहायची आणि त्याच क्षणी उजवीकडून रस्ता ओलांडणारा माणूसही पाहायचा. सावकाश चालवल्याने तो दुसरा माणूस दिसत नाही. आणि सोबत दारूही असेल, तर उरलीसुरली सावधगिरीही जाते.

खाण्याच्या गांजाबाबत मात्र आपली पिढी अनुभवी आहे. होळीला भांग घातलेली थंडाई प्यायल्यावर तासभर काही होत नाही, म्हणून माणूस दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. येथे मिळणाऱ्या, 10 मिलिग्रॅम टीएचसी असलेल्या गमीचे, म्हणजे चघळायच्या गोळीचे, अगदी तसेच आहे: अंमल सुरू व्हायला अर्ध्यापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक, राहतो. मुलगा पार्टीतून निघताना शुद्धीत असतो आणि नशा हमरस्त्यावर चढते.

म्हणून मित्राच्या गाडीत बसण्यापूर्वी "किती घेतलीस?" असे न विचारता "केव्हा घेतलीस, आणि ओढलीस की खाल्लीस?" असे विचारायला मी मुलीला शिकवले आहे. ओढल्यानंतर किमान सहा तास गाडीला हात लावायचा नाही, आणि खाल्ली असेल तर त्या रात्री मुळीच नाही. अशा वेळी तिने मला फोन करायचा आणि मी तिला घ्यायला जायचे, एवढे आमच्या घरात ठरलेले आहे.