कबुतरांचे गृहागमन

अनोळखी जागी नेऊन सोडलेले कबूतर आपल्या ढाबळीकडे परत येते, त्या क्षमतेस गृहागमन म्हणतात. कड्याकपारींत राहणारा पारवा (कोलंबा लिव्हिया) हा पाळीव कबुतरांचा पूर्वज. तो माणसाळल्याचा काळ इ. स. पू. 3000 च्या सुमाराचा, कदाचित त्याच्याही बराच आधीचा मानतात. शर्यतीची आजची जात मात्र एकोणिसाव्या शतकात मुख्यतः बेल्जियममध्ये घडली.

किती दुरून सोडले, यावर वाट शोधण्याची रीत अवलंबून असते. नागपुरातील गच्चीवरच्या ढाबळीतले सरावलेले कबूतर जवळच्या कोराडीहून सोडले, तर वीज केंद्राची धुराडी, फुटाळा-अंबाझरीचे पाणी, रेल्वेचे रूळ अशा पाठ झालेल्या खुणा त्याला पुरतात. इटलीत पाठीवर जीपीएस बांधलेली कबुतरे जवळचा सरळ मार्ग सोडून महामार्ग आणि लोहमार्गांवरून उडताना आढळली. डोळ्यांवर दुधी भिंगे बसवलेली कबुतरेही ढाबळीच्या काही किलोमीटर आसपास येऊन पोचली. म्हणजे नजरेची गरज पडते ती बहुधा शेवटच्या टप्प्यात.

रामटेक किंवा वर्ध्याहून प्रथमच सोडलेल्या पक्ष्यापुढचा प्रश्न वेगळा. टोपली उघडताच तो वर एकदोन घिरट्या घेतो आणि मग एक दिशा धरतो. दुर्बिणीतून दिसेनासा होतो, त्या क्षणाची दिशा नोंदवणे ही या शास्त्रातील मूळ मोजणी. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ गुस्टाफ क्रामर यांनी 1950 च्या दशकात याची दोन पायऱ्यांत फोड केली : आपण कुठे आहोत हे सांगणारा ‘नकाशा’ आणि ठरलेली दिशा दाखवणारे ‘होकायंत्र’. होकायंत्राबद्दल फारसा वाद नाही. कृत्रिम उजेडात ठेवून पक्ष्याचे शरीरघड्याळ सहा तास सरकवले, की तो सूर्यावरून दिशा काढताना सुमारे 90 अंश चुकतो. ढगाळ दिवशी चुंबकत्व कामी येते. विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये दाखवले, की पाठीवर चुंबक बांधल्यास पक्षी ढगाळ दिवशी गोंधळतात, उन्हात नाही.

येथे एक सावधगिरी हवी. गाजलेले बहुतेक प्रयोग जर्मनी, अमेरिकेतील इथाका आणि इटलीतील पीसा येथले, म्हणजे 42 अक्षांशाच्या उत्तरेचे. नागपूर सुमारे 21 अंशांवर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास भरदुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो, मधल्या काळात तर तो माध्यान्ही उत्तरेकडे असतो. अशा दुपारी सूर्याची दिशा अगदी थोड्या वेळात पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष विदर्भाच्या उन्हाळी दुपारला जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

खरा वाद नकाशाचा. फ्लोरियानो पापी आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी पीसा येथे गंधाची उपपत्ती मांडली. कोणत्या दिशेच्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो, हे पिल्लू ढाबळीत बसून शिकते आणि पुढे सोडल्या जागेच्या वासावरून आपली बाजू ओळखते, असे तिचे सार. दुसरा पक्ष पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील फरकांवर भर देतो. चुंबकीय विसंगती (खडकांमुळे क्षेत्रात पडणारा स्थानिक फरक) असलेल्या जागी सोडलेले पक्षी भरकटल्याच्या नोंदी त्याला आधार देतात. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेस जुने पट्टिताश्म आहेत, म्हणून हा मुद्दा येथे तपासण्याजोगा आहे. मात्र 2006 मध्ये आन्ना गाल्यार्दो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात चुंबकीय संवेदना मेंदूकडे नेते असे मानलेली चोचीकडील तंत्रिका कापलेले पक्षी घरी परतले, गंधतंत्रिका कापलेले बहुतेक परतले नाहीत. चोचीतील लोहयुक्त कोशिका चुंबकसंवेदी नसून भक्षी कोशिका (जंतू गिळणाऱ्या कोशिका) असल्याचे 2012 मध्ये दिसले. वास नाहीसा झाल्याने नकाशा नव्हे, तर पक्ष्याची चेतनाच मंदावते, असा आक्षेप आहे. तरीही तूर्त गंधाचे पारडे जड आहे. अवध्वनीचाही (माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिनीच ध्वनीचाही) विचार मांडला गेला आहे, त्याचा पुरावा तोकडा आहे.

लांब पल्ल्याच्या शर्यती 1,000 किमीच्याही पुढे जातात. तेवढ्या अंतरावर गंधाचा नकाशा कितपत पुरतो, हे अनिर्णित आहे.

भारतात ओडिशा पोलिसांनी 1946 मध्ये कोरापूट येथे कबूतर टपाल सुरू केले. 1999 च्या महाचक्रीवादळात संपर्क तुटला, तेव्हा निरोप पोचवण्यास त्याचा उपयोग झाला.