अंग हलत नाही, तरी फिट चालू असते

ऊसतोडीचा हंगाम लागला की कोल्हापूर भागात रात्रीच्या रस्त्याची धास्ती वाढते. मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते आणि भरधाव दुचाकी तिच्यावर जाऊन आदळते. डोक्यावर हेल्मेट नसेल तर पेशंट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात थेट व्हेंटिलेटरवर जातो. आयसीयूत डोकावून आलेला चुलता बाहेर बसलेल्यांना सांगतो, "गप पडलाय बघा. काय तरास न्हाई." घरच्यांना तेवढाच धीर येतो. पण डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या या गप पडण्यावर डॉक्टर विसंबून राहू शकत नाहीत. त्यामागचं कारण घरच्यांनाही कळायला हवं, म्हणून हा लेख.

मार किती गंभीर आहे, हे ठरवायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण मिळतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर दुखापत. अडचण अशी की ही सारी तपासणी अंगावर दिसणाऱ्या खुणांवर चालते. घशात नळी, गुंगीची औषधं चालू, कधी स्नायू सैल करणारं इंजेक्शनही दिलेलं. मग अंगावर दिसायला उरतं काय?

फिट म्हटलं की आपल्याला झटके, दातखीळ, तोंडाला आलेला फेस आठवतो. ते फिटचं बाहेर दिसणारं रूप झालं. फिट घडते मेंदूत. जखमी मेंदूतल्या पेशींचे समूह एकाच लयीत बेफाम विद्युत संदेश सोडू लागतात, आणि ते अंगापर्यंत पोचतीलच असं नाही. फार तर पापणी किंवा ओठाचा कोपरा बारीक फडफडतो, तोही नेमका कुणी पाहत असेल तर. इकडे आत मेंदू ऑक्सिजन आणि साखर भसाभसा वापरत असतो. सूज आलेल्या मेंदूला रक्त आधीच अपुरं, त्यात कवटीतला दाब आणखी चढतो. अपघातातून वाचलेल्या पेशी या दुसऱ्या माराने मरू शकतात.

लॉस एंजेलिसमध्ये पॉल वेस्पा आणि सहकाऱ्यांनी डोक्याला मध्यम ते गंभीर मार लागलेल्या ९४ पेशंटांच्या मेंदूचे आलेख सलग घेतले. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. २१ जणांना फिट आल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या फिट फक्त आलेखातच सापडल्या. फिट येऊ नये म्हणून आधीपासून औषध चालू असतानाची ही स्थिती.

हा आलेख म्हणजे ईईजी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा काढला. कवटीवरून मिळणारे हे संदेश व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या मापातले, हृदयाच्या कार्डिओग्रामपेक्षा कितीतरी क्षीण. खासबाग मैदानात कुस्ती चालू असताना भिंतीबाहेर उभं राहिलं तर एकट्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, हजारोंचा एकत्र गलका तेवढा येतो. ईईजीलाही असा गलकाच ऐकू येतो. म्हणून टाळूवर ठरलेल्या जागा मोजून वीसेक इलेक्ट्रोड, म्हणजे संदेश टिपणाऱ्या छोट्या चकत्या, लावतात. आपल्याकडं केसांना तेल असतंच. ते पुसून, कातडी घासून, पेस्ट लावल्याशिवाय नीट आलेख येत नाही. त्यात टाके, बँडेज आणि भोवतालच्या यंत्रांच्या विजेची आलेखात मिसळणारी ५० हर्ट्झची घरघर. आयसीयूत चांगला आलेख मिळवणाऱ्या टेक्निशियनचं कौशल्य फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

जागेपणी डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ लहरी उमटतात. जखमी मेंदूत त्या मंदावतात, चारपेक्षाही खाली जातात. मग डॉक्टर पेशंटला नावानं हाक मारतात, टाळी वाजवतात, चिमटा काढतात आणि लहरी बदलतात का ते पाहतात. बदलल्या तर ते चांगलं लक्षण. न बदलल्या तर लगेच आशा सोडायची नसते, कारण गुंगीच्या औषधानंही हेच होतं. औषधाचा डोस मोठा असेल तर रेघ मधूनमधून अगदी सपाटही होते. ती पाहून मेंदू मेला असं कुणी समजू नये. आपल्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरतो तो मेंदूच्या देठाच्या तपासण्यांवर, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा केलेल्या.

ईईजी किती वेळ घेतला, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. नेहमीचा आलेख वीस-तीस मिनिटांचा. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांच्या ५७० पेशंटांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना फिट आढळल्या, त्यांतल्या ८८ टक्के जणांची पहिली फिट २४ तासांच्या आत टिपली गेली. कोमातल्या काहींसाठी दोन दिवसही पुरले नाहीत. अर्ध्या तासाच्या कोऱ्या आलेखावरून फिट नाही असं म्हणणं धोक्याचं आहे.

याच लहरींतून आणखी एक गोष्ट पुढं आली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूला इजा झालेल्या, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या १०४ पेशंटांना न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी हात उघड-मिट करायला सांगितलं. हात कुणाचाच हलला नाही. पण संगणकानं लहरी तपासल्यावर १६ जणांच्या मेंदूत त्या सूचनेची दखल दिसली. वर्षभरानं या गटातले ४४ टक्के लोक दिवसाचे आठ तास तरी स्वतःचं स्वतः करू शकत होते. बाकीच्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. ही तपासणी अजून रोजच्या उपचारांत आलेली नाही.

सलग २४ तासांच्या ईईजीला यंत्र लागतं, इलेक्ट्रोड सुटले की पुन्हा लावणारा टेक्निशियन लागतो आणि आलेख वाचणारा न्यूरोलॉजिस्ट लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हे तिन्ही एकदम जुळणं अवघड. अशा वेळी छोटे आलेख पुन्हापुन्हा घेता येतात, नेटवरून दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाला दाखवता येतात. गुंगीचं औषध बंद करूनही माणूस जागा होत नसेल आणि सीटी स्कॅनमध्ये तेवढं मोठं कारण दिसत नसेल, तर नातेवाइकांनी न संकोचता विचारावं: "डॉक्टर, ईईजी केला का? किती वेळ घेतला? पुन्हा कधी घेणार?"